गच्चीवरच्या टोमॅटोसाठी हायड्रोपोनिक बादली: संच चांगला, तक्ता परका

गच्चीवर मातीशिवाय टोमॅटो घेण्यासाठी चार बादल्यांचा जो हायड्रोपोनिक संच हल्ली ऑनलाइन सहज मिळतो, तो घ्यावा की नाही, असे ओळखीतल्या अनेकांनी मला विचारले आहे. माझे उत्तर असे की बादली, झाकण, नेट पॉट (रोप बसवायची जाळीदार कुंडी) आणि हवेचा पंप या वस्तू पैसे वसूल करून देतात. मात्र त्यांच्यासोबत येणारा खतांचा छापील तक्ता बाजूला ठेवावा, कारण तो टोमॅटोसाठी लिहिलेलाच नाही. विक्रेत्याचे नाव मी मुद्दाम देत नाही. याच साच्याचे संच वेगवेगळ्या नावांनी विकले जातात, आणि त्यांपैकी जे मी उघडून पाहिले त्यांतला तक्ता ओळीला ओळ सारखा होता. त्यामुळे दोष एका दुकानाचा नाही, या वस्तूचाच आहे.

संचात २० लिटरच्या चार काळ्या बादल्या, मधोमध भोक पाडलेली झाकणे, त्यांत बसणारे सहा इंची नेट पॉट, भाजलेल्या मातीच्या गोळ्यांची पिशवी, चार तोंडांचा एअर पंप, नळ्या आणि एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारे सच्छिद्र दगड), ‘अ’ आणि ‘ब’ अशा द्रवरूप खताच्या दोन बाटल्या, पीएच (पाण्याच्या आम्लतेचे माप) वरखाली करण्याची द्रावणे आणि पाण्यातले विरघळलेले क्षार दाखवणारे एक टीडीएस पेन एवढे साहित्य येते. मला हे सगळे साडेपाच हजारांच्या आसपास पडले. बादलीचे प्लास्टिक जाड आहे आणि उजेड आत अजिबात झिरपत नाही. ही बाब फार महत्त्वाची आहे, कारण खताच्या पाण्यावर उजेड पडला की आठवड्याभरात शेवाळ धरते आणि ते मुळांशी प्राणवायूसाठी भांडू लागते. मातीचे गोळे वापरण्यापूर्वी स्वच्छ धुवावे लागतात. पहिल्या दोन-तीन पाण्यांत विटकरी गाळ निघतो आणि तो राहिला तर एअर स्टोनची छिद्रे बुजतात. हे काम मोरीत न करता बाहेर बादलीत करावे, म्हणजे गाळाने मोरी तुंबत नाही.

या पद्धतीचे मर्म पाण्यापेक्षा हवेत आहे. रोपाची मुळे सतत पाण्यात बुडालेली असतात आणि तरीही गुदमरत नाहीत, कारण पंप अहोरात्र बुडबुडे सोडून त्या पाण्यात प्राणवायू मिसळत राहतो. पाणी नेट पॉटच्या तळाच्या दोन-तीन सेंटिमीटर खाली ठेवले की वरच्या भागात दमट हवेत वाढणारी बारीक, लव असलेली मुळे तयार होतात आणि खालची लांब, गुळगुळीत मुळे पाण्यात पसरतात. पंप अर्धा तास बंद पडला तर वरची मुळे रोपाला तारून नेतात. म्हणूनच बादली काठोकाठ भरण्याचा जो सल्ला सूचनापत्रिकेत दिला आहे, तो फक्त रोप लहान असताना, मुळे पॉटच्या बाहेर येईपर्यंतच पाळावा. पंप पाच वॅटचा आहे. तो चोवीस तास चालवूनही महिन्याला चार युनिटपेक्षा कमी वीज लागते, तेव्हा बिलाची धास्ती घेण्याचे कारण नाही. आवाज मात्र येतो. फरशीवर थेट ठेवला तर रात्री त्याची घरघर खालच्या खोलीत ऐकू येते. खाली स्पंजचा तुकडा ठेवला की ती पुष्कळ कमी होते.

संच बनवणाऱ्यांनी तीन गोष्टींत हात आखडता घेतला आहे. नळीत उलट्या प्रवाहाला अडवणारी झडप दिलेली नाही, त्यामुळे पंप पाण्याच्या पातळीच्या खाली ठेवला असेल आणि वीज गेली, तर बादलीतले पाणी नळीवाटे पंपात उतरते. मत्स्यालयाच्या दुकानात ही झडप किरकोळ किमतीत मिळते आणि ती पहिल्याच दिवशी बसवावी. दुसरी उणीव अधिक त्रासदायक आहे: बादलीला तळाशी तोटी नाही आणि आतली पातळी बाहेरून दिसण्याची सोयही नाही. फळांनी लगडलेले रोप झाकणासकट उचलून पाणी बदलणे एकट्या माणसाचे काम नव्हे, आणि त्या ओढाताणीत मुळे तुटतात. प्लंबिंगच्या दुकानातून रबरी ग्रॉमेट, एल्बो आणि हातभर काळी नळी आणून बादलीच्या बाजूला बसवली, की नळी खाली वाकवून पाणी काढता येते. तिसरी गोष्ट म्हणजे झाकण. टोमॅटोचा भार त्यावर पडला की ते मध्ये दबते. रोपाला आधार झाकणाचा द्यायचा नाही, वरून सोडलेल्या सुतळीचा द्यायचा, हे आपल्याकडे मांडवावर वेल चढवणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. पत्रिकेत मात्र त्याचा उल्लेख नाही.

आता त्या तक्त्याविषयी. त्यात ‘वाढीचे चार आठवडे’ आणि ‘फुलोऱ्याचे आठ आठवडे’ असे दोन भाग आहेत. पहिल्या भागात दिवसाला अठरा तास प्रकाश द्यावा आणि दुसऱ्या भागात तो बारा तासांवर आणावा, फुलोरा सुरू होताच नत्र (नायट्रोजन) कमी करून स्फुरद (फॉस्फरस) वाढवावे, आणि शेवटच्या आठवड्यात खत पूर्ण थांबवून नुसते पाणी द्यावे, असे त्यात लिहिले आहे. टोमॅटोची ज्याला थोडीही ओळख आहे त्याला हे वाचताच खटकेल. टोमॅटोला फुलण्यासाठी रात्र लांबण्याची गरज नसते. उंच वाढणारे वाण एकीकडे शेंडा वाढवत असतात, दुसरीकडे फुले काढत असतात आणि खालच्या घोसात फळे पिकवत असतात, आणि हे तिन्ही एकाच वेळी महिनोन् महिने चालते. त्याच्या आयुष्यात ‘वाढ संपली, फुलोरा सुरू झाला’ अशी रेघ ओढता येत नाही, आणि सगळी फळे एका आठवड्यात उतरवायची नसल्यामुळे ‘शेवटचा आठवडा’ही येत नाही. फुलोऱ्यात नत्र तोडले की महिन्याभरात खालची पाने पिवळी पडतात, शेंडा बारीक होतो आणि पुढचे घोस लहान येतात.

अठरा तासांवरून बारा तासांवर येणारा प्रकाश, आठ आठवड्यांचा फुलोरा आणि अखेरचे साधे पाणी, हे वेळापत्रक गांजाच्या रोपाचे आहे. रात्र मोठी झाली की फुलणारे ते रोप आहे आणि त्याची काढणी एकदाच होते. बंद खोलीत दिव्याखाली, बुडबुड्यांच्या बादलीत ते वाढवण्याची पद्धत उत्तर अमेरिकेतल्या घरगुती उत्पादकांमध्ये रुजली. या बादल्या, ही खते आणि हे तक्ते यांचा मोठा बाजार त्यांच्याभोवती उभा राहिला. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून बहुतेक प्रांतांत एका घराला चार रोपे लावण्याची मुभा आहे आणि जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून प्रौढ व्यक्तीला तीन रोपांची, त्यामुळे तिथल्या ग्राहकासाठी हा तक्ता योग्यच म्हणावा लागेल. आपल्याकडच्या संचांत तोच तक्ता मूळ रोपाचे नाव गाळून आणि वर टोमॅटोचे चित्र छापून घातला आहे, ही माझी खरी तक्रार आहे.

इथे कायद्याची बाजूही स्पष्ट लिहिते, कारण एका परिचित तरुणाने मला ती अगदी सहजपणे विचारली होती. भारतात १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने, म्हणजे एनडीपीएस कायद्याने, परवान्याशिवाय गांजाच्या झाडाची लागवड करण्यास मनाई आहे आणि त्यासाठी दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कुंडी गच्चीवर आहे की कपाटात, रोप एक आहे की दहा, याने लागवडीचे स्वरूप बदलत नाही. परदेशातली चित्रफीत पाहून कोणी हा संच त्या हेतूने मागवत असेल, तर त्याने तो मागवू नये.

तक्त्यातली दुसरी अडचण मोजमापाची आहे आणि ती अधिक फसवी आहे. खताची तीव्रता त्यात पीपीएममध्ये, म्हणजे पाण्याच्या दहा लाख भागांत किती भाग क्षार, अशी दिली आहे. फुलोऱ्यासाठी आकडा १४०० आहे. आता टीडीएस पेन प्रत्यक्षात पीपीएम मोजतच नाही. ते पाण्याची विद्युतवाहकता, म्हणजे ईसी, मोजते आणि तिला एका ठरावीक आकड्याने गुणून पीपीएम दाखवते. काही पेनांत हा गुणक ५०० असतो, काहींत ७००. १४०० हा आकडा ७०० च्या पट्टीवर २ ईसी होतो आणि ५०० च्या पट्टीवर २.८ ईसी. म्हणजे तक्ता ७०० च्या पट्टीचा आणि पेन ५०० च्या पट्टीचे असेल, तर सूचना तंतोतंत पाळणारा माणूस चाळीस टक्के जास्त खत घालून बसतो. संचातले पेन ५०० च्या पट्टीवर चालते. तक्ता कोणत्या पट्टीवर आहे हे कुठेही छापलेले नाही, आणि विक्रेत्याला फोन करून विचारले असता त्यांच्या प्रतिनिधीला प्रश्नच नवा होता. कोणतेही पेन घ्या, त्यावर ईसी थेट दाखवण्याची सोय असेल तेच घ्या आणि सगळे हिशेब ईसीत करा.

खताच्या बाटल्यांचे म्हणाल तर त्यांत वाईट काही नाही, फक्त किंमत फार आहे. माझे मामा जुन्नर तालुक्यात ठिबकवर टोमॅटो घेतात. त्यांनी त्या दोन बाटल्यांची लेबले वाचली आणि म्हणाले, “अगं, हे तर आपण कॅल्शियम नायट्रेट एका दिवशी आणि बाकीचं दुसऱ्या दिवशी सोडतो तेच की!” त्यांचे म्हणणे बरोबर होते. दाट द्रावणात कॅल्शियम आणि फॉस्फेट किंवा सल्फेट एकत्र आले की पांढरा साका तळाशी बसतो आणि तो रोपाच्या काही कामाचा राहत नाही. म्हणून दोन बाटल्या वेगळ्या. बादलीभर पाण्यात मात्र एक विरघळल्यावर दुसरे घातले तर काही बिघडत नाही. महाराष्ट्रातल्या कोणत्याही कृषी सेवा केंद्रात ही विद्राव्य खते मिळतात, आणि दहा लिटर पाण्याला कॅल्शियम नायट्रेट ८ ग्रॅम, तेरा-शून्य-पंचेचाळीस (पोटॅशियम नायट्रेट) ५ ग्रॅम, शून्य-बावन्न-चौतीस (मोनोपोटॅशियम फॉस्फेट) अडीच ग्रॅम आणि मॅग्नेशियम सल्फेट ५ ग्रॅम, शिवाय चिलेटेड सूक्ष्म अन्नद्रव्ये पाकिटावरच्या मात्रेने, एवढ्यावर फळधारणेतल्या टोमॅटोचे काम भागते. यातून नत्र सुमारे १९०, पोटॅशियम अडीचशे आणि कॅल्शियम १५० मिलिग्रॅम दर लिटरला मिळते आणि ईसी दोनच्या थोडी वर येते. रोप लहान असेपर्यंत याच्या निम्मे पुरते. केंद्रात एक किलोची पाकिटे घेतली तर चार बादल्यांना ती बराच काळ पुरतात, आणि बाटल्यांच्या दुसऱ्या जोडीची किंमत वाचते.

तक्त्याऐवजी मग पाहायचे काय, तर बादलीतले पाणी. भरात आलेले टोमॅटोचे रोप उन्हाच्या दिवशी दोन-तीन लिटर पाणी सहज पिते. पातळी उतरली आणि ईसी चढली, तर रोपाला पाणी हवे होते, खत नको होते. भरताना पातळ द्रावण घालावे. पातळी उतरली आणि ईसीही उतरली, तर भूक अधिक आहे. भरणा थोडा दाट करावा. पातळी उतरूनही ईसी जागच्या जागी राहिली, म्हणजे मात्रा जमली. सकाळी चहाच्या वेळी पेन बुडवून एक आकडा वहीत लिहिण्याने जे कळते, ते आठवड्यांच्या रकान्यांतून कधीच कळणार नाही, कारण तक्त्याला आपल्या गच्चीवरचे ऊन दिसत नाही.

पाण्याचा स्रोतही तितकाच महत्त्वाचा आहे. पुण्यातले खडकवासल्याचे नळाचे पाणी मृदू असते. माझ्या पेनावर ते शंभर पीपीएमच्या आसपास दिसते आणि त्यात कॅल्शियम कमी असल्याने ते वरून देणे भाग असते. उन्हाळ्यात सोसायटीत टँकर किंवा बोअरचे पाणी सुरू झाले की चित्र पालटते. त्यातले बायकार्बोनेट पीएच पुन्हा पुन्हा वर ढकलतात, आणि पीएच सातच्या पुढे गेला की पाण्यात लोह असूनही रोपाला ते घेता येत नाही. कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसू लागला, तर आणखी लोह घालण्याआधी पीएच पाहावा. तो साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान हवा. संचातली पीएच कमी करण्याची बाटली नळाच्या पाण्याला पुरेशी आहे, बोअरच्या पाण्याला ती फार लवकर संपते.

एप्रिल-मे या संचाची खरी परीक्षा घेतात, आणि माझ्या मते त्यात तो नापास होतो. समुद्रसपाटीला २० अंश सेल्सिअसच्या पाण्यात दर लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसात. आणि नेमकी त्याच उष्णतेत मुळांची प्राणवायूची गरज वाढते. काळी बादली पुण्याच्या उन्हात दुपारभर उभी राहिली की आतले पाणी तिसाच्या पुढे जाते, पिथियम नावाच्या रोगकारकाला ते मानवते, आणि पांढरी शुभ्र मुळे तपकिरी, बुळबुळीत होऊन कुजका वास येऊ लागतो. एकदा असे झाले की रोप वाचवण्यापेक्षा ते काढून बादली निर्जंतुक करणे श्रेयस्कर. बादली बाहेरून पांढऱ्या रंगाने रंगवणे, भोवती ओले गोणपाट गुंडाळणे, दुपारी गोठवलेल्या पाण्याची बंद बाटली आत सोडणे, या उपायांनी काही अंश उतरतात. तरीही उन्हाळी पीक घेण्याचा हट्ट धरू नये, कारण दिवसाचे तापमान पस्तिशीच्या वर आणि रात्रही उबदार असली की टोमॅटोचे परागकण नीट काम करत नाहीत आणि फुले गळतात. पावसाळा सरता सरता रोपे करावीत, ऑक्टोबरच्या सुमारास ती बादलीत जावीत आणि डिसेंबर ते मार्च फळे खावीत, हा क्रम पुण्यासारख्या हवेला साजेसा आहे. चारही बादल्यांचे पाणी परस्परांना जोडलेले नाही, ही या संचाची मला आवडलेली गोष्ट आहे. जोडलेल्या व्यवस्थेत एका मुळाचा रोग सगळीकडे पोहोचतो.

माती नसली म्हणून सगळेच रोग टळत नाहीत, हेही जाहिरातीत सांगायला हवे होते. पर्णगुच्छाचा, म्हणजे पाने आकसून मुरडण्याच्या रोगाचा, विषाणू पांढरी माशी आणते आणि तिला मुळाशी माती आहे की पाणी याच्याशी कर्तव्य नसते. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचे ‘अर्का रक्षक’ हे वाण पर्णगुच्छ, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्हींना प्रतिकारक म्हणून ओळखले जाते, आणि गच्चीवरही ते चांगले चालते. बंद गॅलरीत आणखी एक काम करावे लागते. टोमॅटोचे फूल स्वतःच्या परागावर फळते, पण त्यासाठी ते हलावे लागते, आणि शेतात हे काम वारा आणि गुंजारव करणारे भुंगे करतात. गॅलरीत सकाळी दहाच्या सुमारास फुलांच्या घोसाच्या देठावर बोटाने हलकी टिचकी मारली, की ऊन पडलेल्या बाजूला पिवळी धूळ उडताना दिसते.

चवीबद्दल मला मनापासून चांगले लिहायचे आहे. फळे पिकू लागल्यावर द्रावण थोडे दाट, तीन ईसीच्या जवळ ठेवले, तर फळ किंचित लहान राहते पण गोडी आणि आंबटपणा दोन्ही वाढतात. जानेवारीत देठावर पूर्ण लाल झालेला टोमॅटो हिरवी मिरची, दाण्याचे कूट आणि तुपाच्या फोडणीसह कोशिंबिरीत घातला, तर बाजारातल्या फळाशी त्याची तुलनाच होत नाही. बाजारातले फळ प्रवासासाठी कच्चे तोडलेले असते, त्याला बिचाऱ्याला पिकायला वेळच दिलेला नसतो. द्रावण दाट करताना मात्र हात आवरावा, कारण फार दाट पाण्यात कॅल्शियम फळाच्या टोकापर्यंत पोहोचत नाही आणि टोकाशी काळा, चामड्यासारखा डाग पडतो.

‘मातीपेक्षा तिप्पट उत्पादन’ हे खोक्यावरचे वाक्य मात्र खोडून टाकावे असे आहे. ही पद्धत आजच्या अर्थाने लोकांपुढे आणणारे विल्यम गेरिक कॅलिफोर्निया विद्यापीठात काम करत होते. त्यांच्या टोमॅटोच्या वेलींनी १९३० च्या दशकात अशाच आशा उंचावल्या होत्या. त्याच विद्यापीठातल्या होगलंड आणि अर्नन यांनी १९३८ मध्ये तपासून सांगितले की तेवढीच निगा राखलेल्या चांगल्या मातीपेक्षा पाण्यातले उत्पादन अधिक येत नाही. बादलीचा लाभ वेगळ्या ठिकाणी आहे: गच्चीवर मातीचा भार येत नाही, पाणी वाया जात नाही, तण नाही, आणि मुळाशी नेमके काय चालले आहे ते झाकण उचलून पाहता येते. ज्यांच्याकडे वीज वारंवार जाते किंवा गच्चीवर दिवसभर ऊन असते, त्यांनी या संचाऐवजी कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि परलाइट (हलके, सच्छिद्र खनिज) भरलेल्या, ठिबक लावलेल्या डच बकेटचा विचार करावा; त्यातले माध्यम काही तास ओलावा धरून ठेवते. फक्त पालेभाज्या हव्या असतील, तर पंपही नको; झाकलेल्या टबात न हलणाऱ्या पाण्यावर लेट्यूस आणि पालक उत्तम येतात.

विक्रीनंतरची सेवा मध्यम आहे. फुटलेले एक झाकण छायाचित्र पाठवल्यावर विनातक्रार बदलून मिळाले. तक्ता बदलण्याविषयी मी सविस्तर पत्र लिहिले, त्याची पोच आली, पण नव्या खोक्यांत अजून जुनाच तक्ता येतो. सुटे भाग त्यांच्याकडून घेण्याची गरज नाही. एअर स्टोन क्षार बसून काही महिन्यांत मंदावतात. ते रात्रभर पातळ व्हिनेगरमध्ये ठेवून धुतले तर पुन्हा चालतात, आणि नवे घ्यायचे झाल्यास मत्स्यालयाच्या दुकानातले दंडगोल आकाराचे स्टोन संचातल्या स्टोनपेक्षा बारीक बुडबुडे देतात. बादलीतून काढलेले जुने द्रावण गटारात ओतू नये. तेवढेच साधे पाणी मिसळून ते जास्वंदीला आणि कढीपत्त्याला घालावे.